मागच्या खोलीतलं आगळ

इरा, कबीर,

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. तुमच्या आजोबांना सांगण्याचा प्रश्न नव्हता — ते त्याआधीच गेले. आणि ज्याला सांगायला हवं होतं, त्याच्याशी मी दर रविवारी फोनवर ऊन-पावसाच्या गप्पा मारते.

मी इंग्रजी घेऊन बी.ए. केलं. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हांला वाचायला सोपं गेलं असतं. पण इंग्रजीत मला लपता येतं — वाक्य नीटनेटकं होतं आणि मी त्याच्यामागे उभी राहते. मराठीत ते जमत नाही. शिवाय तुम्हांला मराठी वाचायला तुमच्या बाबाने शिकवलं आहे. तेव्हा मराठीच बरी.

इरा, गेल्या रविवारी तू विचारलंस, "आजी, तू एकटी कसं करतेस सगळं?" शाळेत माझ्यावर बोलायचं आहे म्हणालीस. मी म्हटलं, सवय झाली. तू ते लिहून घेतलंस. मला पेन चालल्याचा आवाज आला.

एकटीने करणं म्हणजे काय, ते आधी सांगते. तुम्ही जी सोलकढी पिता ती आगळाची — रातांब्यांचा, म्हणजे कोकमाच्या फळांचा, रस मिठात मुरवून गाळला की आगळ होतं. रातांबे पाऊस पडायच्या आत धुऊन, कापून, बरणीत पडायला हवेत. ते माझ्यासाठी थांबत नाहीत. ताप आला तरी मीच कापायचे. हात रसात बुडालेले असताना फोन वाजतो, तो वाजून वाजून बंद होतो, आणि गिऱ्हाईक म्हणतं, बाई फोन उचलत नाहीत. माझ्या मावसबहिणीच्या मुलीचं लग्न हंगामात आलं, मी गेले नाही. तिने पुढे बोलावणंच सोडलं. बोटाला कापलं तर मीठ झोंबतं. पण खरं झोंबतं ते वेगळंच — संध्याकाळी शेवटचा कॅन भरून झाला की 'झालं बाई' हे मी मोठ्याने म्हणते, आणि ते ऐकायला घरात कोणी नसतं.

हे सगळं खरं आहे. पण मी एकटी का आहे, हे तू विचारलं नाहीस. कोणीच विचारत नाही. बाईमाणूस, विधवा, मुलगा परदेशात — लोक उत्तर धरूनच चालतात. मीही त्यांना धरू देते.

तू तेव्हा रांगत होतीस, इरा. कबीर जन्मला नव्हता. मे महिन्यात बाबा तुला आणि तुमच्या आईला घेऊन इथे, मसुऱ्याला, आला. सुट्टी आहे म्हणाला. सुट्टी नव्हती, पुण्याची नोकरी सुटली होती. दुसऱ्या दिवशी मी उठले तर तो पडवीत रातांबे कापत बसलेला. बिया एकीकडे, सालं एकीकडे, लहानपणी करायचा तसा. मला वाटलं, किती बरं वाटतंय. खरंच वाटलं होतं. मग तो रोज बसायला लागला. एके दिवशी त्याने माझ्या बरण्या जमिनीवरून उचलून फळीवर मोठी-लहान अशा लावल्या, मला वाकायला नको म्हणून. 'आपण' म्हणायला लागला. आपण यंत्र आणू, आपण लेबल बदलू. आणि एका दुपारी म्हणाला —

"आई, माका परत जावचा नाय. हयंच ऱ्हवतंय. दोघां मिळान करूया गो."

मी काय म्हणायला हवं होतं?

आजोबा असेपर्यंत या घरात माझी म्हणावी अशी एकच वस्तू होती — ट्रंकेतली पदवी. आगळ विकणं मी त्यांच्यामागे सुरू केलं. कोणाला न विचारता. चुकले तर माझी मी चुकायचे. तो आला तर मी पुन्हा कोणाच्या तरी हाताखालची होईन, माझ्याच पडवीत — असं मला वाटलं. हे कारण झालं. कारण सांगितलं म्हणजे गोष्ट हलकी होत नाही.

मी म्हटलं, "बाबू, ह्यात एकट्याचा पोट कसाबसा भरता. गेल्या वर्षाचो माल अजून मागच्या खोलयेत पडलो आसा. जावन बघ."

खोटं होतं. मागच्या खोलीत निळे कॅन छपरापर्यंत होते, पण ते गेल्या वर्षीचे नव्हते. त्याच महिन्यात भरलेले, आणि सगळेच्या सगळे कणकवलीच्या एका हॉटेलवाल्याने आधीच सांगून ठेवलेले. मला हात अपुरे पडत होते. दुसरं माणूस हवंच होतं. कॅन न्यायला टेम्पोवाला पास्कू त्याच दिवशी आला, त्याला मी फाटकातूनच परत पाठवलं. म्हटलं, पुढच्या आठवड्यात ये. मुलगा घरी आलाय हे त्याला ठाऊक होतं; तो हसला. "काय गो काकी, झील इलो तर टेम्पोवालो नको झालो? आता क्यान डोक्यार घेवन जातलास काय?" मीही हसले. हसता आलं मला.

संध्याकाळी बाबा तुला कडेवर घेऊन मागच्या खोलीत गेला. मी विहिरीवर होते. तो बाहेर आला, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाला, "बरां, आई." एवढंच. आवाज चढला नाही. चेहऱ्यावर काही नाही. मी सुटले असं मला वाटलं — हो, सुटल्यासारखंच वाटलं.

मग तुला त्याच्याकडून घेतलं. तुझ्या गालावर एक बोट उमटलेलं होतं. लालभडक.

आगळ वर्षभर राहिलं की काळपट तपकिरी होतं. लालभडक असतं ते ताजं. हे या घरात वाढलेल्या पोराला कोण सांगणार? त्याने झाकण उघडलं होतं. बोट बुडवून बघितलं होतं. मी खोटं बोलले ते एखाद्या शहरातल्या माणसाशी बोलावं तसं, आणि समोर माझाच मुलगा होता.

त्याला कळलं होतं. आईला तो नको आहे, हे त्याला रंगावरून कळलं. आणि मला ते कळलंय, हे त्याला ठाऊक नाही. मी तुझा गाल पदराने पुसला आणि भाताला आधण ठेवायला आत गेले.

तेव्हाही बोलता आलं असतं. तो आणखी चार दिवस होता. मी त्याला फणसाची भाजी करून घातली. जाताना त्याने बरण्या पुन्हा पहिल्यासारख्या लावल्या, मी न सांगता. पुढच्या वर्षी तुम्ही कॅनडाला गेलात. कबीर तिथेच जन्मला. मी त्याला फोनवरच मोठा होताना पाहिलं. तुमच्या बाबाने इथे राहण्याचा विषय पुन्हा कधी काढला नाही. फोनवर विचारतो, "औंदा माल कसो?" मी म्हणते, बरो आसा. मग आम्ही ऊन-पावसावर येतो.

तेव्हा इरा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. मी एकटीने करते, कारण दुसरं माणूस आलं होतं आणि मी त्याला घालवलं.

उद्या रातांबे यायचे आहेत. मीठ निवडून ठेवलं आहे. बरण्या धुऊन पालथ्या घातल्या आहेत, माझ्या जुन्याच क्रमाने, जमिनीवर. वाकावं लागतं.

— आजी