एक्सचेंजवाली बाई

पांढुर्ण्यात मंगलाबाईला ओळखत नाही असा फोनवाला सापडला नसता, आणि रस्त्यात तिला ओळखणारा एकही भेटला नसता. गावात तिचा फक्त आवाज माहीत होता. टेलिफोन एक्सचेंजच्या बोर्डापुढे बसून तिनं कितीतरी वर्षं घराला घर जोडून दिलं. कोणी रिसीव्हर उचलला की तिच्यासमोर दिवा लागायचा. नंबर सांगायची पद्धतच नव्हती. "बाई, मनोहरच्या दुकानात लावा." "बाई, संत्र्याच्या दलालाले लावा, आन तो जेवाले गेला असन त घरी लावा." दलाल जेवायला गेलाय की पानाच्या ठेल्यावर उभा आहे, हेही बाईनंच ओळखायचं.

तिच्या मागंपुढं कोणी नव्हतं. वडील तिगाव स्टेशनवर गँगमन होते, ते गेले. धाकट्या भावाला तिनं शिकवलं, तो नागपूरला नोकरीला लागला आणि पोराच्या नामकरणालाही तिला बोलवायला विसरला. भाड्याच्या खोलीचं कुलूप लावायला तीच आणि उघडायलाही तीच. पण बोर्डापुढे बसली की सारं गाव तिच्याशी बोलायचं. सगळ्यात जास्त बोलायची शकुबाई. कापडवाल्यांच्या घरातली ही म्हातारी दुपारी सगळे दुकानात गेले की फोन उचलायची. "कोणालेच लावू नोको वं बाई. जेवली का?" एवढं विचारणारं मंगलाबाईला जगात दुसरं कोणी नव्हतं.

सत्त्याऐंशी साली आपोआप चालणारं एक्सचेंज आलं. टेलिफोन खात्याचे छिंदवाड्याचे साहेब धास्तावलेले होते. दुसऱ्या एका गावात नवं यंत्र सुरू झालं तेव्हा लोक रिसीव्हर उचलून बाईची वाट बघत बसले होते, आणि लाइनी अडकून यंत्रानं पहिल्याच दिवशी मान टाकली होती. साहेब मंगलाबाईला म्हणाले, "यंत्र आम्ही बसवू. लोकांची सवय तुम्हीच मोडू शकता."

आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घ्यायचा होता. तिनं तो मन लावून पाडला. कोणी नाव घेतलं की ती म्हणायची, "नंबर सांगा, मगच लावीन." लोक भडकले. "बाई, माजल्या का तुमी?" ती ऐकून घ्यायची आणि पुन्हा नंबर विचारायची. गोड बोललो तर हे लोक आपल्याला सोडणार नाहीत, हे तिला कळत होतं. सोडू नये असंही वाटत होतं. त्याचं काय करायचं ते साहेबांनी सांगितलं नव्हतं.

मग डायलचा फोन पिशवीत घालून ती दारोदार शिकवत फिरली. तिनं तोंड उघडलं की दुकानदार हसायचे, "अरे, ह्या त आपल्या बाई!" शकुबाईच्या घरी जाताना तिनं ठेवणीतली साडी नेसली.

म्हातारीनं तिला ओसरीवरच न्याहाळलं. "कोणाची वं तू पोरी?"

"तिगावच्या तुळशीराम गँगमनची. बौद्ध आहोत जी. आजी, मीच तुमची एक्सचेंजवाली बाई."

"असं का," शकुबाई म्हणाली आणि आपली चटई तिनं आत ओढली. चहा आला तो बाहेरच्या कोनाड्यातल्या कान तुटलेल्या कपात. मंगलाबाई तो प्याली, कप स्वतः विसळून पालथा ठेवला आणि मग डायल फिरवायला शिकवलं. म्हातारी लवकर शिकली.

यंत्र सुरू झालं आणि कुठं काही अडलं नाही. साहेबांनी पेढे वाटले. मंगलाबाईला तक्रारीच्या टेबलावर बसवलं, पण तक्रारी येतच नव्हत्या, इतकं चांगलं शिकवलं होतं बाईनं! दिवसचे दिवस तिच्याशी कोणी बोलेना. संध्याकाळी खोलीवर जाऊन ती भाजीशी बोलायची, मिठाच्या डब्याशी बोलायची, आणि आपलाच आवाज ऐकून गप्प व्हायची.

एका दुपारी लाइनमन सुखदेव आला. "बाई, कापडवाल्याची लाइन रोज याच वक्ताले अडकून राहिली. पाहा बरं जरा."

तिनं तपासणीची वायर त्या लाइनीत खोचली. डायल न फिरवलेल्या फोनची घूंऽऽ वाजत होती, आणि तिच्यावर शकुबाई बोलत होती.

"कुठी गेली वं बाई तू? जेवली का? इथं मले कोणी पुसत नाही. एक पोरगी आली होती शिकवाले. म्हने, मीच बाई. आवाज तुह्यावानीच होता तिचा. पन मी नाही मानलं. तू कायले तशी असशीन?"

 मंगलाबाईनं नुसतं "बोला आजी" म्हटलं असतं तर म्हातारी हरखली असती. रोज दुपारी "जेवली का" परत मिळालं असतं, फक्त ती पोरगी आपणच होतो हे लपवावं लागलं असतं. तिला ते हवं होतं, खोटं कशाला बोला.

"आजी," ती म्हणाली, "तीच मी. आता फोन ठेवा, लाइन अडकते."

 पलीकडून रिसीव्हर ठेवल्याचा खटका आला.

मंगलाबाईनं वायर काढली. "झाली मोकळी," ती सुखदेवला म्हणाली.