भरल्या गाडीची गळती

मी आणि बायकोने मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे गाडीखाली उताणं पडून डिझेलच्या नळीवर तांदळाचं पीठ टाकणं. साधं म्हणतो, कारण त्या दोन महिन्यांत गाडीखाली शिरणं हे जेवणखाणासारखंच झालं होतं. पीठ मात्र त्या दिवशी पहिल्यांदा टाकलं. ती अक्कल तिची.

गाडी म्हणजे लढाईनंतर लष्कराने लिलावात काढलेला छोटा ट्रक. त्याचं पेट्रोलचं इंजिन काढून कुणीतरी डिझेलचं बसवलेलं होतं. आमचा गाव खाडीला लागून. गावाच्या मिठागरावर पोती भरायची आणि पनवेलच्या पेठेत एका व्यापाऱ्याच्या वखारीत उतरवायची, एवढंच माझं काम. डिझेलची टाकी हौद्याच्या खाली. ती कुठून गळते ते सापडत नव्हतं. खालची पोती ओली व्हायची आणि मिठाला डिझेलचा वास लागायचा. मीठ वास सोडत नाही. लोक तेच मीठ आमटीत घालणार.

व्यापारी पहिल्यांदा हसला, दुसऱ्यांदा पोती परत पाठवली. तिसऱ्यांदा म्हणाला, शनिवारच्या खेपेला वास आला तर गाडी परत आणू नका, मी दुसरा बघतो. माणूस वाईट नव्हता. मीही तेच केलं असतं.

पळस्प्याच्या फाट्यावर एक म्हातारा मिस्त्री होता, त्याला सगळे चाचा म्हणत. त्याने टाकीच्या शिवणीला डाख मारला, वायसर बदलले, एकदा तर आख्खी तांब्याची नळी नवी घातली. मी घरी येऊन वर धुण्याचा साबण चोळायचो, तोही थोपवतो डिझेल. आठ दिवस बरे जायचे, मग परत तेच. चाचाकडे गाडी नेली की थेंब पडायचा नाही. तो म्हणायचा, "भाईजान, तुमची गाडी माझ्याकडे आली की शहाणी होते." मला वाटायचं तो थट्टा करतो. करतही असेल.

शुक्रवारी दुपारी मी अंगणात गाडीखाली पडलो होतो. बायको ओट्यावर तांदूळ निवडत होती. तिथूनच म्हणाली, "भरलेली गाडी गलते, न् तुमी रिकामीच बगताव."

मी म्हटलं, "मंग काय करू? घरात पोती हायत काय भरायला?"

"पोती नाय. बायका हायत."

ती उठली आणि आळीत गेली. थोड्या वेळाने बारा-तेरा बायका घेऊन आली. काय सांगून आणल्या देवाला ठाऊक, पण एकेक चढून हौद्यात बसली. हसणं, ओरडणं, लुगडी सावरणं. एक म्हणाली, आम्हाला पनवेलला सिनेमा बघायला न्या आता. दुसरी म्हणाली, हा म्हातारा अंगणातच फिरवील. मी इंजिन चालू केलं. ही आतून वाटीभर पीठ घेऊन आली, लुगडं आवळलं आणि माझ्या बाजूला गाडीखाली शिरली. अंगाने जाड, त्यात गुडघे दुखायचे, पण शिरली. टाकीवरून जाणाऱ्या दोन्ही नळ्यांवर चिमटी चिमटीने पीठ टाकत गेली. भिजलं की काळं दिसणार.

काही दिसेना. मग तिने खालूनच हाक मारली, "काकी, जरा पुरं सरका."

शेजारची काकी गावात सगळ्यांत वजनाची. वरून आवाज आला, "मला मीठ समजतं काय गो तू?"

"तीन पोत्यांचं," ही म्हणाली.

काकी शिव्या देत पुढे सरकली. आमच्या तोंडावरची फळी दबली आणि पीठ एका जागी काळं झालं. डाळीएवढा ठिपका. बघता बघता वाढला आणि त्याचा थेंब माझ्या कपाळावर पडला.

बोट लावून बघितलं. फळीखाली वाकवलेला एक खिळा होता, त्याचं टोक बरोबर नळीवर बसत होतं. वजन आलं की टोचून भोक फाकवायचं, वजन गेलं की वर उचलायचं आणि भोक मिटायचं. नळी नवी घातली तरी आठ दिवसांत तिथेच भोक, आणि डिझेल फळ्यांच्या फटींतून वर पोत्यांत.

हौद्याचा पत्रा मिठाने खाल्ला तेव्हा फळ्या माझ्या मेहुण्याने बसवल्या होत्या. तो होड्या बांधणारा. होडीला खिळा आरपार मारून आतून वाकवतात, म्हणजे लाटेने उचकत नाही. त्याने इथेही तेच केलं आणि मी शाबासकी दिली होती. गाडीला खाली टाकी असते हे त्याला सुचलं नाही, मलाही नाही.

मी म्हटलं, "तुज्या भावानं गाडी नाय, होडी बांधली."

"बुडली तर नाय ना?" ती म्हणाली.

बायका उतरल्या, घरोघरी गेल्या. मी हात धूत होतो. ती चुलीपाशी जाऊन बसली, पाणी मागितलं. मी तांब्या घेऊन आलो तेव्हा तिरकी होऊन भिंतीला टेकलेली होती, बोलेना. काकीने आणि मी उचलून त्याच हौद्यात घातली. पनवेलला डॉक्टरकडे नेली. तिचं आणि काकीचं मिळून वजन होतंच, वाटभर मागे डिझेल गळत होतं, मला माहीत होतं. डॉक्टरने हात धरून बघितला आणि सोडला. दिवस बुडायच्या आत सगळं उरकलं.

सकाळी मेहुणा छिन्नी आणि हातोडा घेऊन आला. मी सांगितलं नव्हतं, काकीने सांगितलं असणार. आम्ही दोघं गाडीखाली शिरलो. त्याने सगळेच खिळे खालून कापले, एक-दोन नव्हे. त्याचं नाक वाहत होतं, बाहीने पुसत होता. मी नळीचा भोकाचा तुकडा कापून टाकला, दोन्ही टोकांवर रबरी नळी चढवून तारेने आवळली. नात्यातले ओट्यावर बसले होते. एक जण म्हणाला, सुतकात कुणी कामाला जातं काय. मी म्हटलं, आज शनिवार आहे.

मिठागरावर पोती भरली, पेठेत गेलो. व्यापाऱ्याने खालचंच एक पोतं बाहेर ओढलं, तोंड सोडलं, मूठभर मीठ नाकाशी नेलं.

"वास नाही," तो म्हणाला. मग माझ्या डोक्याकडे बघितलं, केस काढले होते. "घरात कोण?"

"बायको."

त्याने मूठ पोत्यात रिकामी केली. म्हणाला, निरोप धाडला असता तर खेप सोमवारी घेतली असती.

मला ते सुचलं नव्हतं. पोती उतरवली आणि दुसरी खेप भरायला गेलो.