दातवाले आणि निघून गेलेला कोच

आमच्या स्टँडमध्ये त्यांना सगळे दातवाले म्हणतात. खरं नाव मला माहीत आहे, पण त्या नावाने हाक मारली तर ते स्वतःच वळून बघणार नाहीत. वय चौपन्न, अंगाने शिडशिडीत, चष्मा कायम कपाळावर चढवलेला. बाजाराच्या मागच्या रस्त्यावर, दुसऱ्या मजल्यावर त्यांची दोन खोल्यांची लॅब आहे. डेंटिस्ट पेशंटच्या तोंडाचे ठसे घेऊन तिथे पाठवतात आणि दातवाले त्यावरून कवळ्या आणि कॅप करून देतात. सव्वीस वर्षांत त्यांनी इतके दात घडवलेत की शहरातल्या निम्म्या लोकांना ते चेहऱ्यापेक्षा हसण्यावरून जास्त ओळखतात. स्वतः मात्र हसायला कंजूष. बोलायला त्याहून.

सामन्याच्या दिवशी ते गोलच्या मागच्या स्टँडमध्ये, नवव्या रांगेत बसतात. डावीकडे बायको, उजवीकडे मेहुणा. बायको शाळेत गणित शिकवते आणि रेफरीला ऑफसाइड शिकवायचीही तिची तयारी असते. मेहुणा दुकानांच्या पाट्या रंगवतो, म्हणून तो पेंटर. आख्ख्या स्टँडचा आवाज त्याच्या गळ्यातून निघतो. तो उठला की आम्ही उठतो, तो ओरडला की आम्ही ओरडतो. मी पोस्टात नोकरीला, त्यांच्या मागच्या रांगेत बसतो. अकरा वर्षं मी दातवाल्यांच्या टकलाच्या वरून फुटबॉल बघतोय, पण त्या माणसाला कधी ओरडताना ऐकलं नव्हतं. गोल झाला की ते गुडघ्यावर एक थाप मारायचे. झालं.

आमचा क्लब एकतीस वर्षं खालच्या डिव्हिजनमध्ये रुतून बसला होता. चार वर्षांपूर्वी नवा कोच आला. तरुण, तापट, शिट्टी दातात धरून बोलणारा. त्याने आधी आम्हाला तळातून वर काढलं, मग मधे आणलं, आणि त्या वर्षी नऊ सामने शिल्लक असताना आम्ही चक्क दुसरे होतो. पहिले दोघे वर जातात. लोक या गोष्टीबद्दल मोठ्याने बोलायलाही घाबरत होते, दृष्ट लागेल म्हणून.

त्या सोमवारी सकाळी दातवाल्यांना एका डेंटिस्ट डॉक्टरीणबाईंचा फोन आला.

“ती पुढच्या दाताची कॅप आहे ना, पुढच्या सोमवारची? ती मला बुधवारी सकाळी हवी.”

“बुधवारी कशी होईल, बाई? अजून मेणातच आहे.”

“करा काहीतरी. पेशंटला बुधवारी दुपारी बाहेरगावी फोटो काढायचाय. आणि मला काही विचारू नका.”

दातवाल्यांनी विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती. साच्यावर फक्त नंबर होता, पण रंग जुळवायला तो पेशंट आठवड्यापूर्वी त्यांच्याच खिडकीपाशी स्टुलावर येऊन बसला होता. सरावात चेंडू लागून कोचचा पुढचा दात अर्धा तुटला होता. आणि शनिवारीच बातमी आली होती की देशातल्या सगळ्यात मोठ्या क्लबने स्वतःचा कोच काढून टाकलाय. बाहेरगाव, फोटो आणि घाईने हवा असलेला दात. दातवाल्यांनी फोन ठेवला आणि पाच मिनिटं हातातली सुरी तशीच धरून बसले. हे सगळं त्यांनी मला बऱ्याच दिवसांनी सांगितलं, तेही मी खोदून विचारल्यावर.

संध्याकाळी घरी गेले तर बैठकीच्या खोलीतलं फर्निचर भिंतीला लावलेलं आणि जमिनीवर ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत कापड पसरलेलं. पेंटरच्या दुकानात एवढी जागा नव्हती, म्हणून त्याने बहिणीचं घर ताब्यात घेतलं होतं. कापडावर कोचचा भलामोठा चेहरा अर्धा रंगवून झाला होता. शनिवारी तो स्टँडवरून खाली सोडायचा होता.

“दाजी, बरे आलात. दात बघा हो जरा. तुम्ही तज्ज्ञ.”

दातवाले बुटांसह दारातच उभे राहिले. “ठीक आहेत,” म्हणाले.

“नुसतं ठीक? तीन तास गेलेत माझे त्या हसण्यात!”

जेवताना त्यांनी आमटीत दोनदा मीठ घातलं. बायकोने एकदा विचारलं, “काय झालं?” ते म्हणाले, “काही नाही.” तिने दुसऱ्यांदा विचारलं नाही, नुसतं बघितलं, आणि ते जास्त अवघड होतं. लॅबमध्ये आलेली गोष्ट लॅबच्या बाहेर जात नाही, हा त्यांचा सव्वीस वर्षांचा शिरस्ता. कोणाचे किती दात खोटे हे त्यांनी बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं. इथे तर मेहुणा गुडघे टेकून, जीव ओतून, जो माणूस जायला निघालाय त्याच्या भुवया रंगवत होता.

मंगळवारी त्यांनी कॅप घडवली. भट्टीत घालायची वेळ आली तेव्हा त्यांच्या मनात पाप आलं. मला सांगताना त्यांनी हाच शब्द वापरला. भट्टी जरा जास्त तापवली असती तर बारीक तडा गेला असता. मग बुधवार हुकला असता. मोठा क्लब काय एका दातासाठी कोचला नाकारणार नव्हता, हे त्यांनाही कळत होतं. तरी हात बटणापाशी अडला. फोटोत तुटका दात दिसेल, एवढं तरी होईल. भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज त्यांना इतका मोठा कधी आला नव्हता. शेवटी त्यांनी ताप जितका हवा तितकाच ठेवला. कॅप थंड झाल्यावर भिंगातून पाहिली. म्हणे, वर्षभरात इतकी चांगली दुसरी जमली नव्हती.

बुधवारी सकाळी बसवताना थोडी उंच लागत होती, म्हणून डॉक्टरीणबाईंनी त्यांना दवाखान्यात बोलावून घेतलं. कोच खुर्चीत आडवा पडला होता. त्याने दातवाल्यांना ओळखलं.

“तुम्ही सामन्यांना येता ना? कुठे बसता?”

“गोलमागे. नववी रांग.”

डॉक्टरीणबाई हात धुवायला वळल्या. मग कोच छताकडे बघत म्हणाला, “असं बोलावणं आयुष्यात एकदाच येतं.”

“तोंड उघडा,” दातवाले म्हणाले.

त्यांनी कॅप घासली, पुन्हा बसवून बघितली, पुन्हा घासली. चावून बघायला सांगितलं. काम झाल्यावर कोचने उठता उठता त्यांचा हात धरला. “माझ्या साहाय्यकाला सांभाळून घ्या. लोकांना वाटतं सगळं मी केलं. तसं नाहीये. बचावाची सगळी आखणी त्याची होती.”

दातवाल्यांनी हात सोडवून घेतला आणि हत्यारं पिशवीत भरली.

संध्याकाळी बातमी फुटली. टीव्हीवर कोच मोठ्या क्लबचा मफलर गळ्यात घालून उभा होता, तोंडभर हसत. बैठकीच्या खोलीत पेंटर हातात ब्रश घेऊन तसाच उभा राहिला. बहीण मात्र पडद्याजवळ गेली. गणिताच्या बाईंची नजर.

“अहो, ह्याचा दात तुटला होता ना? हा कधी बसवला?” आणि मग हळूच, “तुम्ही बसवलात?”

दातवाल्यांना खोटं बोलता येत नाही. “आज सकाळी.”

“आणि कळलं कधी?” पेंटरने विचारलं.

“सोमवारी.”

“सोमवारी!” पेंटरचा आवाज चिरकला. “म्हणजे मी इथे तीन दिवस गुडघे घासतोय आणि तुम्ही माझ्या डोक्यावरून ये-जा करताय? एक शब्द बोलला असतात, दाजी! एक!”

“पेशंटची गोष्ट होती.”

“मग राहा पेशंटबरोबर.” त्याने ब्रश डब्यात आपटला, डाग सोफ्यावर उडाला. “ताई, मी तुझ्याकडे येईन. पण स्टँडमध्ये ह्यांच्या शेजारी मी बसणार नाही.”

आणि खरंच बसला नाही. शनिवारी तो आमच्यापासून लांब, अगदी वरच्या रांगेत आपल्या घोषणा देणाऱ्या पोरांबरोबर होता. उजवीकडची खुर्ची रिकामी. साहाय्यकाला तात्पुरता कोच केलं होतं. जाड मिशीचा, पन्नाशीचा, कधीकाळी आमच्याच क्लबचा बॅक, म्हणजे बचावातला खेळाडू. बाजूच्या रेषेवर उभं राहून हात कुठे ठेवायचे हे त्याला कळत नव्हतं. आम्ही तीन गोलने हरलो. पुढच्या आठवड्यात परक्या मैदानावर परत हरलो. दुसऱ्या नंबरावरून घसरून पाचवे.

मग कानावर आलं की पुढच्या घरच्या सामन्याला पेंटरची पोरं हाफटाइमनंतर मैदानाकडे पाठ करून उभी राहणार आहेत. क्लबच्या मालकांना लाज वाटावी म्हणून. हे कळल्यावर दातवाले मेहुण्याच्या दुकानात गेले. मी तिथेच होतो. वीसएक जण ओल्या पाट्यांमधून अंग चोरून उभे होते. दातवाल्यांना बघून कुजबूज थांबली.

“त्या मिशीवाल्याला वेळ द्या,” ते म्हणाले. “बचाव त्याने बांधला होता. कोच स्वतः म्हणाला मला.”

“आता त्याचा निरोप घेऊन आलात?” कोणीतरी खेकसलं. काहीजण हसले.

“निरोप म्हणून नाही.” दातवाल्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. “तो येण्याआधी सत्तावीस वर्षं आपण येत होतोच ना? तेव्हा कोणासाठी येत होतो? पाठ फिरवलीत तर मालकांना दिसणार नाही. त्या अकरा पोरांना दिसेल.”

पेंटर एका पाटीवरची अक्षरं पुसत होता. मान वर न करता म्हणाला, “झालं असेल बोलून तर दार ओढून घ्या.”

त्या सामन्यात हाफटाइमला आम्ही एका गोलने मागे होतो. स्टँड निम्मा रिकामा. दुसरा हाफ सुरू झाला आणि वरच्या दोन रांगा वळून पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. मैदानावरच्या आमच्या पोरांनी ते बघितलं. गोलकीपरने बघितलं, तो तर आमच्या समोरच होता. चेंडू हातात घेऊन तो क्षणभर थांबला. मला वाटलं, संपलं आता.

तेवढ्यात माझ्या पुढचं टक्कल हललं. दातवाले उठून उभे राहिले आणि क्लबचं नाव घेऊन ओरडले. म्हणजे प्रयत्न केला. आवाज मधेच फाटला, लोक वळून बघायला लागले. त्यांनी पुन्हा ओरडायला तोंड उघडलं, पुन्हा फाटला. मग बायको उठली. वर्गात ओरडून कमावलेला गळा तिचा, तिने जो सूर लावला तो थेट मैदानापलीकडे पोचला असणार. मीही उठलो. मग माझ्या शेजारचे. पाचशे लोक झाले असतील, फार नाही. पेंटर वळला नाही.

सत्तराव्या मिनिटाला आम्ही बरोबरी केली. तेवढंच. पण पुढचा सामना जिंकलो, त्याच्या पुढचाही. मिशीवाल्याने बचाव आवळला. गोल कमी व्हायचे, पण आमच्यावरही होत नव्हते. एक बरोबरी, परत दोन विजय. दर शनिवारी दातवाले पहिले उभे राहायचे आणि सोमवारी लॅबमध्ये घसा धरून खुणांनी बोलायचे. शेवटच्या सामन्याच्या दिवशी आम्ही पुन्हा दुसरे होतो, एका गुणाने पुढे, आणि समोर होता तिसऱ्या नंबरचा संघ. आम्हाला बरोबरी पुरत होती.

असा दिवस वैऱ्यावर येऊ नये. स्टँड खचाखच. आम्ही पहिला गोल केला, त्यांनी फेडला. एक-एक. ऐंशी मिनिटं झाली, पंच्याऐंशी झाली. बायकोने दातवाल्यांचा दंड इतका घट्ट धरला होता की दुसऱ्या दिवशी तिथे निळं पडलं. आणि अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला आमच्या बॅकच्या हाताला चेंडू लागला. रेफरीने बोट दाखवलं. पेनल्टी, आमच्या स्टँडच्या समोरच.

त्या शांततेत कोणीतरी पायऱ्या उतरत आल्याचा आवाज झाला. पेंटर होता. तो रांगेत घुसला आणि रिकाम्या खुर्चीपुढे उभा राहिला. दातवाल्यांकडे बघितलं नाही. दातवाल्यांनीही नाही.

“उजवीकडे मारतो हा,” पेंटर पुटपुटला.

“हो. कायम,” दातवाले म्हणाले.

उजवीकडेच मारला. गोलकीपरने बरोबर उडी घेतली, बोटं लागली, चेंडू खांबावर आदळला आणि आतल्या बाजूने जाळ्यात गेला.

उरलेली मिनिटं मला आठवत नाहीत. शिट्टी वाजली आणि ते लोक नाचायला लागले. आमची पोरं जागच्या जागी गवतात बसली. मिशीवाला चालत आमच्या स्टँडपाशी आला आणि नुसता उभा राहिला, तोंडावर शिव्या झेलायच्या तयारीने. कोणी हललं नाही. पेंटरने टाळ्या वाजवायला सुरुवात केली. सावकाश, एकेक. चेहरा ओला. मग सगळा स्टँड. वीस मिनिटं कोणी घरी गेलं नाही. मिशीवाल्याला तोंड फिरवावं लागलं.

“मला सांगायला हवं होतं तुम्ही,” टाळ्या वाजवता वाजवता पेंटर म्हणाला.

“सांगता येत नव्हतं.”

“माहीत आहे. तरी.”

“हं,” दातवाले म्हणाले. आणि ते तिघे एकाच बसने घरी गेले.

पुढच्या महिन्यात मिशीवाल्याला कायम केलं. त्याच आठवड्यात मोठा क्लब परत आला आणि आमचा सगळ्यात जास्त गोल करणारा पोरगा घेऊन गेला. पेंटरने दोन दिवस दुकान बंद ठेवलं, मग उघडलं. नवीन हंगाम सुरू होऊन सात सामने झालेत आणि आम्ही सहावे आहोत. परवा गेटवर उभे असताना दातवाले, कोणी विचारलेलं नसताना, मला म्हणाले, “ह्या वर्षी जाणार वर. बघाल तुम्ही.”

“गेल्या वर्षीही हेच म्हणत होतात,” बायको म्हणाली.

“म्हणत नव्हतो,” ते म्हणाले. “मनात होतं.” आणि दोन-दोन पायऱ्या चढत वर गेले.