सुकापूरच्या पुढची म्हैस

मुलांनो, तुम्ही परवा पाठवलेला फोटो पाहिला. शेतातलं ते लाल कोठार, भिंतीवर दोन माणसांएवढा कोंबडा आणि खाली तुमचा प्रश्न, ‘आजी, असली चित्रं काढून कोणाचं पोट भरतं का?’ भरतं. तुमच्या आजोबांचं आणि माझं सात-आठ वर्षं भरलं. ही गोष्ट आजोबा तुम्हाला फोनवर सांगतातच, पण दर वेळी त्यांची म्हैस हातभर वाढते आणि माझी चूक दोन हात. म्हणून ते दुपारचे झोपलेत तोवर सगळं क्रमाने लिहून ठेवते.

पनवेलच्या बाजारात आजोबांचं पाट्या रंगवायचं दुकान होतं. मग फ्लेक्स आलं. सकाळी सांगितलेला फलक संध्याकाळी दुकानावर लटकायचा. बघता बघता आजोबांच्या पाट्या उतरल्या. तरी ते रोज ब्रश टर्पेंटाइनने धुवायचे, न वापरलेलेसुद्धा. मी नुकतीच शाळेतून निवृत्त झाले होते. आयुष्यभर इंग्रजी शिकवलेलं, तेव्हा कंपन्यांना इंग्रजीत पत्रं लिहायला घेतली. एका पशुखाद्याच्या कंपनीचं उत्तर आलं. रस्त्यालगतच्या गोठ्यांवर आमचं चिन्ह रंगवा, आधी नमुन्याची एक भिंत करा, साहेब शनिवारी अकराला पाहायला येतील. पसंत पडली तर तालुक्याचं काम तुमचं.

“ही भिंत गेली तर दुकान बंद,” आजोबा म्हणाले. “खारघरला एखाद्या टॉवरवर वॉचमन होईन.”

“तुम्ही? तुम्हाला बसल्या बसल्या झोप लागते!”

भिंत मी निवडली. वहीत तक्ता केला: रस्त्यापासून अंतर, गिलावा, ऊन. सुकापूरच्या पुढे एका गोठ्याला पैकीच्या पैकी गुण मिळाले. गुळगुळीत गिलावा आणि दिवसभर लख्ख ऊन. गोठ्याची मालकीण माझ्याहून थोडी मोठी, कमरेत वाकलेली, जिभेने ताठ. मी इंग्रजीत टाइप केलेलं संमतिपत्र तिला मराठीत वाचून दाखवलं आणि खाली अंगठा घेतला.

“रंगवा की,” ती म्हणाली. “भिंत काय झिजतेय?”

दोन दिवस काम चाललं. गेरूत बुडवलेली सुतळी मी एका टोकाला धरायची, आजोबांनी दुसऱ्या टोकाला ताणून टणकन सोडायची, की भिंतीवर सरळ रेघ उमटायची. मधोमध मोठं हिरवं वर्तुळ, त्यात दोन पांढरी शिंगं. रंग कंपनीनेच पाठवलेला, पातळ आणि स्वस्त.

शनिवारी नऊ वाजता स्कूटरवरून पोचलो, तर वर्तुळावर शेण्या थापलेल्या. ओल्या, ताज्या, छपन्न. मी मोजल्या.

“मावशी, हे काय?”

“शेण्या. तुमच्या पनवेलात नसतात?”

“पण आम्ही ही भिंत रंगवली ना!”

“लय चांगली रंगवली. म्हणून तर मी बी गोलातच थापल्या. बग, एक बाहेर गेली नाय.”

“तुम्ही कागदावर अंगठा दिलात!”

“त्यात शेण्या थापू नको असं लिवलं होतं?”

मी पिशवीतून संमतिपत्र काढलं. पोस्टर नको, खिळे नकोत, चुना नको, पाण्याचा पाइप नको. शेण्या कुठेच नव्हत्या.

“बाय, साऱ्या गोठ्यात ऊन याच भिंतीला,” ती म्हणाली. “पावसाळ्याचं जळण मी काय सावलीत सुकवू?”

ज्या उन्हासाठी मी भिंत निवडली, त्याच उन्हासाठी तिने ती वर्षानुवर्षं निवडलेली होती. हे ऐकून आजोबा बादली उपडी घालून तिच्यावर बसले आणि हसू लागले. मी आधी रागावले, मग मलाही आवरेना. दुकान बुडायच्या बेतात आणि आम्ही दोघं म्हातारी शेणाच्या भिंतीसमोर डोळे पुसतोय!

शेण्या सोडवल्या, भिंत धुतली, शिंगं पुन्हा पांढरी केली. पण उद्या ती परत थापणारच, थांबेल कशाला? आजोबांनी गोठ्यात बांधलेल्या म्हशीकडे पाहिलं. कपाळावर पांढरा ठिपका, डावं शिंग खाली लोंबलेलं. त्यांनी डिकीतून दुकानातला उरलेला ऑइल पेंट काढला आणि चिन्हाशेजारी म्हशीचं तोंड काढायला सुरुवात केली.

म्हातारी शेणाचं घमेलं घेऊन आली आणि थबकली.

“अगो बाय! ही तर आमची! पेंटर, डावं शिंग आणखी खाली घ्या. अन् डोळा रागीट पायजे. सून दिसली की ती अशीच बगते.”

आजोबांनी डोळा रागीट केला. म्हातारी घमेल्याकडे बघत राहिली.

“आता हिच्या तोंडाशी शेण कसं थापू?” असं पुटपुटत ती मागच्या भिंतीकडे गेली. “तिकडं दुपारनंतर येतं ऊन. भागवीन.”

अकराला साहेब आले. त्यांनी टेपने चिन्ह मोजलं. ते बरोबर भरलं.

“आणि ही म्हैस कोणाची?”

“आमची,” म्हातारी मागून ओरडली.

“पत्रात म्हैस नव्हती.”

“पत्रात शेण्याही नव्हत्या,” मी म्हणाले. इंग्रजीत म्हणाले, कारण घाबरले की मला इंग्रजी फुटतं. कसल्या शेण्या, साहेबांना काही कळेना. तेवढ्यात शेजारचा गोठेवाला आला. “पेंटर, आमचा बैल कवा काढता? भिंत देतो.” त्याच्या मागून दुसरा. “आमच्या दोन गायी हायत. दोन भिंती घ्या.”

भिंतीसाठी गावोगाव विनवण्या करणाऱ्या साहेबांनी टेप खिशात ठेवला. “म्हैस राहू द्या,” ते म्हणाले. “सगळीकडे काढा. ज्याची त्याची.”

तेव्हापासून आम्ही चिन्हाशेजारी मालकाचं जनावर काढत गेलो. करंजाला एका बाईने मासळीच्या शेडवर आपला बोका काढून घेतला. पशुखाद्याशी त्याचा संबंध काय, हे साहेबांनीही विचारलं नाही.

सुकापूरच्या पुढचा तो गोठा आता पाडला आहे. रस्त्याकडची भिंत तेवढी कुंपणात राहिली. कंपनीचं चिन्ह पावसाने कधीच धुऊन नेलं. ऑइल पेंटमधली म्हैस अजून आहे: ठिपका, रागीट डोळा आणि लोंबतं डावं शिंग. मी मोजली आहे, उंची साडेतीन हात.