शिशाचा एल

श्वासबाईचं खरं नाव हजेरीपटापुरतं उरलं होतं. सत्तावीस वर्षं इस्पितळाच्या एक्स-रे खोलीत उभं राहून तिनं माणसांना तीनच गोष्टी सांगितल्या : श्वास घ्या, रोखा, सोडा. नवरा म्हणायचा, "यमाचं निम्मं काम हिच्याकडं आहे." त्यावर ही म्हणायची, "तुम्ही घोरायला लागलात की 'रोखा' म्हणावंसं वाटतं, पण मन धजत नाही."

तिच्या कोटाच्या खिशात नखाएवढी दोन शिशाची अक्षरं असत. आर उजव्या बाजूला, एल डाव्या. फोटो काढताना त्यातलं एक चिकटपट्टीनं लावायचं, म्हणजे फोटोत पांढरंशुभ्र उमटतं आणि बाजू कुठली याचा वाद राहत नाही. तिला काम शिकवणाऱ्या म्हाताऱ्यानं निवृत्त होताना ती तिच्या तळहातावर ठेवली होती. "कागद खोटं बोलेल, माणूस बोलेल, शिसं बोलणार नाही. आणि चिकटवायचं ते फोटोच्या आधी. मागाहून चिकटवलेलं अक्षर म्हणजे वरातीमागून घोडं."

मग नवं मशीन आलं. बाईनं बटण दाबायचं, फोटो भिंतीपलीकडं कंप्युटरवर जायचा. तिथला ऑपरेटर तो उजळ करायचा आणि कोपऱ्यात अक्षर टाकायचा. विभागाच्या डॉक्टरसाहेबांनी हुकूम काढला : शिशाची अक्षरं बंद, फोटो घाण दिसतो.

बाई लावतच राहिली.

"एकदा सांगितलेलं कळत नाही का?" साहेब एकदा कावले.

"कळतं साहेब. पटत नाही."

निवृत्तीला दोन वर्षं उरलेल्या बाईच्या नादी कोण लागणार? साहेबांनी दात-ओठ खाल्ले आणि सोडून दिलं.

त्याच आठवड्यात एक शिंपी आला. पन्नाशीचा, खोकून खोकून बेजार, पण तोंड कात्रीसारखं चालू. "जन्मभर लोकांच्या छात्या मोजल्या, बाई. आज माझं माप घ्या." बाईनं त्याची छाती पाटीला टेकवली, खांदे पुढं ढकलले, डावीकडं खाली एल चिकटवला. श्वास घ्या, रोखा, सोडा.

फोटोत बरगडीला चिकटून सुपारीएवढी गाठ निघाली. तिचा तुकडा सुईनं काढून तपासायचा होता. मोठं स्कॅन मशीन तीन आठवडे बंद पडलेलं आणि गाठ थांबायला तयार नाही. तेव्हा साहेबांनी जुन्या पद्धतीनं, फोटोवर बरगड्या मोजून सुई घालायचं ठरवलं.

बाई शिंप्याचा केसपेपर द्यायला सुईच्या खोलीत गेली. शिंपी खुर्चीवर उलटा बसलेला, पाठीच्या उजव्या बाजूला तांबडं औषध फासलेलं. साहेबांच्या हातात सुई. भिंतीवर फोटो. बाईची नजर सवयीनं खालच्या कोपऱ्यात गेली आणि तिथंच अडली. गाठीच्या बाजूला वर कंप्युटरचा आर होता आणि खाली तिचा एल. तोही उलटा, आरशात पाहिल्यासारखा.

"थांबा साहेब. सुई खाली ठेवा."

"बाई, बाहेर व्हा!"

"फोटो उलटा आहे. गाठ डावीकडं आहे."

"तुमचं काम बटण दाबायचं. फोटो वाचायचं काम आमचं."

"तो खालचा एल वाचायला डॉक्टर व्हावं लागत नाही, साहेब."

साहेबांनी वळून पाहिलं. आवाज ऐकून ऑपरेटर दारात आला होता. तो पुटपुटला, "मीच फिरवला तो. काळीज उजवीकडं दिसत होतं. म्हटलं, बाईंनी माणूस छातीऐवजी पाठ टेकवून उभा केला, म्हणून फोटो उलटा आला. बाईंना बोलणी बसतील म्हणून गपचूप सरळ केला."

त्यानं बाईकडं असं पाहिलं, जणू आभार येणे होते.

"माझ्यावर उपकार करायचे तर मला विचारून करत जा," बाई म्हणाली. "सत्तावीस वर्षांत मी एक छाती उलटी उभी केलेली नाही."

"मग काळीज उजवीकडं कसं?" साहेब ओरडले.

"ते त्याच्या आईला विचारा. नाहीतर नळी लावून बघा. गळ्यात आहेच."

शिंप्यानं मान वळवली. "डॉक्टर, कापड उलटं कापलं तर मी गिऱ्हाइकाला भरून देतो. तुमच्याकडं काय पद्धत आहे?"

"चुकलात बाई, तर नोकरी जाईल," साहेब दात आवळून म्हणाले.

"जाऊ दे. मी बरोबर ठरले तर याचं काळीज वाचतं. तुम्ही तिथंच सुई घालताय."

ती दाराकडं गेली नाही; शिंपी आणि सुई यांच्या मधोमध जाऊन उभी राहिली. साहेबांनी सुई ठेवली, हातमोजे ओरबाडून काढले आणि पुढं येऊन नळी आधी डाव्या छातीला लावली. मग उजव्या. बराच वेळ लावून ठेवली.

"आहे का?" शिंप्यानं विचारलं.

"आहे. उजवीकडंच आहे."

"म्हणजे इतकी वर्षं छातीवर हात ठेवून बायकोला सांगितलं, ते सगळं भलत्याच जागी?"

बाईला ओठ चावावे लागले.

फोटो पुन्हा काढायचा ठरला. या वेळी साहेब स्वतः एक्स-रे खोलीत आले. शिंपी पाटीला टेकून उभा. बाई हात मागं बांधून उभी.

"अक्षर लावा ना," साहेब म्हणाले.

"हुकूम आहे साहेब. बंद."

"लावा म्हणतोय ना मी!"

"लेखी द्या."

साहेब लाल झाले. मग खिशातून पेन काढून त्यांनी तिच्या वहीच्या पानावर दोन ओळी खरडल्या, खाली सही केली. बाईनं त्या शांतपणे वाचल्या, पान फाडून खिशात घातलं आणि तिथूनच एल काढला. शिंप्याच्या डाव्या अंगाला चिकटवून अंगठ्यानं दाबला.

"श्वास घ्या. रोखा."

शिंप्यानं रोखला. काचेमागं साहेबांनीही रोखला. बटण दाबून झाल्यावर बाई शिंप्याला म्हणाली, "सोडा."

साहेबांना तिनं थोडा वेळ तसंच राहू दिलं.