अझैब्यातला फ्रेंच फेरफटका

ओमानमध्ये रस्त्याने पायी चालणाऱ्या माणसाचं काहीतरी बिघडलेलं असतं: गाडी, नोकरी किंवा डोकं. आम्ही मस्कतजवळच्या अझैब्यात राहायचो, त्या नव्वदच्या दशकात तरी सगळ्यांचं हेच ठाम मत होतं. माझंही होतं! समोरच्या दुकानातून कोथिंबीर आणायची तरी मी गाडी काढायचो, दुकानापुढे नेऊन हॉर्न द्यायचो, आणि दुकानदार कोथिंबीर घेऊन खिडकीशी यायचा. (कोथिंबीर शिळी निघाली तर पुन्हा हॉर्न.) अशा माणसाला कंपनीने फ्रान्सला पाठवलं, आणि तिथूनच सगळं बिनसलं.

त्या दिवसांत आमच्या घरात एकच विषय होता: नवी गाडी. कंपनीत वाळूत-डोंगरात चालणारी एक कोरी करकरीत फोर-व्हील येणार होती. ती मला मिळणार की परचेसच्या नंबियारला, हे आमचे ओमानी मालक, म्हणजे अर्बाब, ठरवणार होते. माझी कंपनीचीच जुनी सेडान चढ दिसला की खोकायची आणि तिचा एसी उन्हाळ्यात गरम हवा सोडायचा. माझी बायको मीना मालवणची. नव्या गाडीतून पावसाळ्यात दक्षिण ओमानातल्या हिरव्यागार सलालाहला जायचं आणि तिथल्या नारळाच्या बागेत चटई टाकून बसायचं, एवढंच तिचं मागणं होतं. माड बघून तिला फार वर्षं झाली होती. कॅलेंडरवर माडाचं चित्र आलं तरी तिचा आवाज जड व्हायचा.

तर, लिऑन नावाच्या शहरात पंपांचं ट्रेनिंग होतं. मुलीला, केतकीला, शेजारच्या गायकवाडांकडे ठेवून मीनाही आली. दुपारी ट्रेनिंग सुटलं की आम्ही बाहेर पडायचो. पहिल्याच दिवशी दगडी गल्लीतून बराच वेळ चालल्यावर मीनाने विचारलं, "अहो, आपण पार्किंग शोधतोय का?"

"गाडीच नाहीये आपल्याकडे."

"मग चालतोय कशाला?"

याचं उत्तर मला दुसऱ्या दिवशी मिळालं. काय शहर हो! नदीकाठच्या बाजारात एक आजोबा खरबूज निवडत होते. एकेक खरबूज नाकाशी नेऊन, डोळे मिटून हुंगायचे आणि मान हलवून परत ठेवायचे. मागे रांग खोळंबलेली, पण कुणाच्या कपाळाला आठी नाही! सगळे त्या खरबुजाचा निकाल लागायची वाट बघत होते. चीजच्या दुकानात मी बोट दाखवलं, तर दुकानदाराने मोडक्या इंग्रजीत विचारलं, "कधी खाणार? आज रात्री की उद्या दुपारी?" मी म्हटलं, आज. मग त्याने चार चीज अंगठ्याने दाबून पाहिली आणि जी आज रात्रीच्या जेवणाला तयार होती तीच दिली. मला अगदी भरून आलं. माझ्या जेवणाच्या वेळेची एवढी चौकशी आमच्या लग्नाच्या पहिल्या वर्षानंतर कुणी केली नव्हती.

लोक लांबलचक पाव काखेत मारून, शेंडा कुरतडत घरी चाललेले. कॅफेतल्या सगळ्या खुर्च्या रस्त्याकडे तोंड करून मांडलेल्या, म्हणजे नवराबायकोंना समोरासमोर बसून भांडायची सोयच नाही! पणतीएवढ्या कपातली कॉफी घेऊन येणाजाणाऱ्यांना न्याहाळत बसायचं आणि कुणी कुणाला घाई करायची नाही. एका खिडकीतल्या बाई फुलझाडांना पाणी घालत होत्या, ते थेट माझ्या डोक्यावर आलं. त्या इतक्या गोड आवाजात माफी मागत होत्या की मी रागावलोच नाही. (मी दुसऱ्या दिवशी मुद्दाम त्याच खिडकीखाली जाऊन उभा राहिलो, हा मीनाचा आरोप निराधार आहे. तिथे सावली होती.)

अझैब्यात परतलो तो बदललेला माणूस होऊन. ऑफिसात, दवाखान्यात, गायकवाडांच्या घरी, सत्यनारायणाला, जिथे दोन माणसं जमतील तिथे माझं प्रवचन सुरू. "आपण गाडीतून जगतो, गायकवाड! काचेतून! शहर पायाने वाचायचं असतं!" गायकवाड बिचारे प्रसाद हातात धरून ऐकायचे. शेवटी एका शुक्रवारी सुट्टीच्या संध्याकाळी मी जाहीर केलं की आज आपण तिघांनी अझैब्यात फ्रेंच पद्धतीने फेरफटका मारायचा.

"बाबा, बट व्हाय?" केतकी कळवळून म्हणाली. "वी हॅव अ कार!"

"गाडीतून जग दिसत नाही, बाळा."

"पण बाबा, इकडे जग नाहीये. इकडे सॅंड आहे."

आता एक गोष्ट सांगितली पाहिजे. गाडी त्या दिवशी सकाळपासून खरोखरच बंद पडली होती. चावी फिरवली की नुसती कुंथायची. पण बंद पडली म्हणून चालतोय, असं कोण म्हणेल? मी तत्त्व म्हणून निघालो होतो!

मे महिना होता. सूर्य मावळला तरी हवेला अंघोळीच्या गरम पाण्याची वाफ यावी तशी वाफ होती. फूटपाथ नावाचा प्रकार नव्हता. एका बाजूला डांबर, दुसऱ्या बाजूला वाळू. बेकरीतून मी गरम खुबूस घेतले आणि लिऑनच्या लोकांसारखे काखेत मारले. लांब पाव काखेत ताठ उभा राहतो. खुबूस म्हणजे गोल, चपटी, मऊ रोटी. ती काखेत गेली की रुमालासारखी लोंबते. वर ती भट्टीतून नुकतीच निघालेली! पुढची पाच मिनिटं मी एक हात पंखासारखा उचलून चालत होतो.

तेवढ्यात एक पिकअप करकचून थांबली. आतल्या ओमानी गृहस्थाने काळजीने विचारलं, "सदीक," म्हणजे मित्रा, "गाडी खराब?"

"नहीं नहीं. ऐसे ही चल रहे हैं."

"ऐसे ही क्यों?"

लिऑनमध्ये हा प्रश्न कुणी विचारला नव्हता, त्यामुळे उत्तर तयार नव्हतं. मी म्हटलं, "मजे के लिए." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग मीनाकडे, मग केतकीकडे. त्या दोघींच्या चेहऱ्यावर मजा काही त्यांना सापडली नाही. "बैठो, बैठो. बच्ची है साथ में," ते म्हणाले. त्यांना वाटेला लावलं तर मागे दुसरी गाडी थांबली, तिच्यामागे तिसरी. चांगली माणसं हो, भलतीच चांगली! एकाने पाण्याच्या बाटल्या दिल्या, एकाने खजूर. एक म्हातारे गृहस्थ तर दोरी काढून "तुमची गाडी कुठे आहे, ओढून आणू" म्हणून हटून बसले. आमच्यापायी अझैब्यात चक्क ट्रॅफिक तुंबला!

आणि त्या तुंबलेल्या ट्रॅफिकमध्ये गायकवाडांची गाडी होती. वहिनींनी आम्हाला पाहिलं, झटकन मान फिरवली आणि पदर डोळ्यांना लावला. मी हसून हात हलवला. (खुबूसवाला.)

मग मी शेवटचा उपाय म्हणून कोपऱ्यावरच्या मलबारी कॅफेटेरियात शिरलो. मालकाला म्हटलं, "दो कुर्सी बाहर लगाओ, रस्ते की तरफ मुँह करके. तीन चाय."

"साब, गाडी किधर है?"

"गाडी नहीं है."

"तो चाय किधर देगा?" तो खरंच पेचात पडला होता. त्याच्या सगळ्या आयुष्यात चहा गाडीच्या खिडकीतूनच आत गेला होता. अखेर त्याने वाळूत दोन खुर्च्या आणि केतकीसाठी एक तेलाचा डबा मांडला. आम्ही रस्त्याकडे तोंड करून बसलो. समोर गाड्या उभ्या होत्या आणि प्रत्येक गाडीतलं कुटुंब आरामात एसीत बसून, चहा पीत आमच्याकडे बघत होतं. येणाजाणाऱ्यांना न्याहाळायचा कार्यक्रम जोरात चालला होता, फक्त न्याहाळले जाणारे आम्ही होतो.

"अहो, मी घरी जाते," मीना दात आवळून म्हणाली.

आणि तेव्हाच ती लांबलचक पांढरी गाडी वाळूत येऊन थांबली. काच खाली गेली. आत साक्षात अर्बाब!

"परब!" ते ओरडले. "व्हॉट हॅपन्ड? व्हेअर इज युवर कार?"

मीनाने माझ्या दंडाला असा चिमटा काढला की अजून वळ असेल. "सांगा! बंद पडलीय म्हणून सांगा!" ती कुजबुजली. "याच आठवड्यात ठरवणार आहेत ना ते? सांगा पटकन!"

वाचकहो, खोटं बोलायचंच नव्हतं! नुसतं खरं बोलायचं होतं. "सर, कार खलास," एवढे तीन शब्द, आणि फोर-व्हील दारात. शेजारी बायको घामाने निथळतेय, पोरगी तेलाच्या डब्यावर बसलीय. याहून करुण देखावा नाटकवाल्यांनाही जमला नसता. पण आजूबाजूच्या गाड्यांच्या काचा एकेक करून खाली जात होत्या. सगळे ऐकत होते. आणि मला प्रवचनाची खुमखुमी आली!

"सर," मी उभा राहून म्हणालो, "कार इज नथिंग! कारमध्ये माणूस बंद होतो. मी फ्रान्समध्ये शिकलो, सर. वॉकिंग इज लाइफ!" पुढे खरबूज हुंगणारे आजोबा, काखेतला पाव, सगळं सांगितलं. पुराव्यादाखल खुबूस वर करून दाखवले. मीनाने डोळे मिटून घेतले.

अर्बाब गाडीतून उतरले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं! "माशाल्ला," ते म्हणाले. "माझे आजोबा तिकडे डोंगरापलीकडच्या निझव्याहून इथवर चालत यायचे. आता माझी मुलं स्वयंपाकघरात जायलाही गाडी मागतील. ऑफिसात सगळे कार, कार, कार करतात. यू आर द ओन्ली मॅन!" त्यांनी मला सगळ्यांदेखत मिठी मारली. मी कृतार्थ झालो. खुबूस पार चेंगरले.

रात्री गायकवाड पुलावाचा डबा घेऊन आले. "परबसाहेब, संकोच नको," ते खालच्या आवाजात म्हणाले. "नोकरी आज ना उद्या दुसरी मिळेल. सोहारच्या फॅक्टरीत माझी ओळख आहे. तुमचा बायोडेटा द्या." त्यांची समजूत घालता घालता पुलाव गार झाला.

त्याच आठवड्यात अर्बाबांनी सगळ्या स्टाफला जमवलं. माझ्यावर भाषण केलं, टाळ्या झाल्या, आणि फोर-व्हीलची चावी नंबियारला दिली. "ही इज अ वीक मॅन," अर्बाब दयेने म्हणाले, "ही नीड्स अ कार." मला एक सुंदर खोका मिळाला. घरी मीनाने मोठ्या आशेने उघडला. आत पांढरे शुभ्र स्पोर्ट्स शूज होते. जुनी सेडान वर्कशॉपला गेली ती परत आली नाही. मला तिची काय गरज!

तेव्हापासून मी ऑफिसला चालत जाऊ लागलो. आणि आता एकही गाडी थांबेना! अझैबाभर झालं होतं की हा इंडियन शौक म्हणून चालतो, अर्बाबने बक्षीस दिलंय, याला अडवू नका. मी अंगठा दाखवून लिफ्ट मागितली तर लोक उलट अंगठा दाखवून शाबासकी द्यायचे.

जुलैत एका सकाळी मी असाच घाम पुसत चाललो होतो. मागून नवी फोर-व्हील आली. टपावर सामान, आत नंबियार, मिसेस नंबियार, आणि मागच्या सीटवर केतकीला घेऊन मीना! सुट्टी काढून सगळे सलालाहला निघाले होते. मला सुट्टी नव्हती. नंबियार मनाचा चांगला, त्याने गाडी थांबवली, काच खाली केली आणि म्हणाला, "परबसाब, बहुत धूप है. ऑफिस तक छोड दूँ?"

मी धावत जाऊन दाराच्या हँडलला हात घातलाच होता, इतक्यात आतून मीनाचा आवाज आला.

"नको हो भाईसाब, उनको डिस्टर्ब मत करो. वो शहर पढ़ रहे हैं."

काच वर गेली, गाडी सलालाहच्या दिशेने सुटली, आणि मी हसून हात हलवला. बोलणार तरी काय? तोंडभर धूळ होती.