संकठा घाटावर ‘दादा’ म्हणणारा तो कोण होता?

आधीच सांगते — मी कॉलेजात वीस वर्षं केमिस्ट्री शिकवली आहे. भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की चहा टाकायच्या निमित्ताने उठून जाणारी बाई मी. तरीही चौऱ्याण्णव सालच्या कार्तिकातली ही एक गोष्ट... काही केल्या कुठल्या चौकटीत बसत नाही.

आमचं घर बनारसला, संकठा देवीच्या गल्लीत. अण्णा, म्हणजे माझे वडील, महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंचे विधी करायचे. घरात मराठी, पण हिंदीची फोडणी दिलेली — “खिडकी बंद कर गं, बंदर येईल!” थंडी पडली की सकाळी हातात मलइयोचा, म्हणजे दुधाच्या गोड फेसाचा, कुल्हड आणि मागून अण्णांचा ओरडा, “आधी अंघोळ!” काय दिवस होते ते! अजून आठवलं की जीव गलबलतो.

त्या घरात एक नाव मात्र कुणी घेत नसे. वसंतकाका. अण्णांचा धाकटा भाऊ. नगरला नोकरीला गेला आणि तिथे ख्रिस्ती झाला. आजोबांच्या हट्टापायी अण्णांनी त्याचं घटश्राद्ध घातलं — म्हणजे जिवंत माणूस मेला असं धरून करायचा विधी. स्वतःच्या हाताने, आमच्याच घाटावर. आजोबा गेले, पण ते काही अण्णांच्या मनातून गेलं नाही. दरवर्षी त्या तिथीला ते प्रायश्चित्ताचं स्नान करत, दिवसभर उपास करत, आणि तसेच पडलेल्या चेहऱ्याने बसून राहत. जगाची पापं धुवून द्यायची आणि आपलं तेवढं तसंच! काकाची पत्रं यायची. अण्णा ती न फोडता ट्रंकेत ठेवत. “कुठल्या तोंडाने वाचू?” म्हणत.

त्या वर्षी पूर ओसरला तरी खालच्या पायऱ्यांवर गाळ तसाच होता. मी तेव्हा अकरावीत. त्याच तिथीला अण्णांचं कोरडं धोतर घेऊन वर उभी होते. भर सकाळ, लख्ख ऊन. अण्णा उतरले आणि मांड्यांपर्यंत रुतले. जितके हलत तितके खाली जात. मी किंचाळतेय, लोक ओरडतायत, “रस्सी लाओ, गुरुजी फँस गए!” — आणि खाली कुणी उतरेना. मी तरी कुठे उतरले? खरं तेच सांगते.

तेवढ्यात पांढरा सदरा घातलेला एक माणूस मला मागे टाकून सरळ गाळात शिरला. अण्णांना त्याने खांद्यावर घेतलं आणि पायरीवर आणून बसवलं. कसं, ते मला आजही कळत नाही. दगडावर त्याचा तळहात चांगलाच फाटला होता. मी ओढणी बांधली. रक्त गरम होतं, माणूस धापा टाकत होता... भास असता तर माझी ओढणी भिजली असती का?

“दादा,” तो म्हणाला, चक्क मराठीत, “पुरे आता. ते कधीच पुसलं गेलंय. घरी ये.”

“वसंता!” अण्णा ओरडले आणि लहान मुलासारखे रडायला लागले.

मी पाणी आणायला चार पायऱ्या चढले, वळून पाहिलं तर अण्णा एकटेच. त्या माणसाला उतरताना सगळ्यांनी पाहिलं होतं, जाताना कुणीच नाही. नाववाल्याला विचारलं, तर म्हणाला, “एहर से त केहू ना गयल, बिटिया.” इकडून तर कुणीच गेलं नव्हतं.

ट्रंकेतल्या पाकिटावरचा पत्ता घेऊन आठवड्याच्या आत आम्ही दोघं नगरला. काकूने दार उघडलं. आत काका खाटेवर — अर्धांगवायू होऊन वर्ष झालेलं, कूस बदलायलाही माणूस लागत होता. मी मुद्दाम त्याचे तळहात पाहिले. साधा ओरखडाही नव्हता.

अण्णांनी घाटावरचं सगळं सांगितलं. “मी नाही आलो, दादा,” काका अडखळत म्हणाला. “मी रोज एवढंच मागायचो — प्रभू, माझ्या दादाकडे तू जा. प्रभू वरून नुसता हात देत नाही रे... आपल्यातलाच होऊन खाली उतरतो. म्हणून तर माणूस झाला. आपलं पाप आपल्याच्याने धुतलं जात नाही, ते त्याने अंगावर घेतलं.”

अण्णांना हे पटलं का? ठाऊक नाही. संध्या त्यांनी शेवटपर्यंत सोडली नाही. माझं म्हणाल तर उत्तर शोधायची पूर्वीसारखी घाई राहिलेली नाही. पण त्या दिवशी अण्णा खाटेला टेकून खाली बसले आणि इतक्या वर्षांत प्रथमच म्हणाले, “वसंता, मी तुला जिवंतपणी मारलं रे.”

काकाने चालत्या हाताने त्यांचे डोळे पुसले.

परतीचं तिकीट अण्णांनी रद्द केलं. काका पुढे तीन महिने होता. तेवढे दिवस त्याला रोजचा घास अण्णांनीच आपल्या हाताने भरवला.